गळ्याच्या गाठीला आधी सुई, मग सुरी

केळीच्या पानावर करप्याचे ठिपके दिसले, की अर्धापूरचा शेतकरी पान तोडतो आणि कृषी सेवा केंद्रावर दाखवायला नेतो. रोग कोणता हे कळल्याशिवाय पंप खांद्यावर घेत नाही. घरातल्या माणसाच्या अंगावर गाठ आली, तर मात्र ही शिस्त आपण पाळीत नाही. गळ्याच्या पुढच्या बाजूला सुपारीएवढी, पुढे लिंबाएवढी गाठ येते. बहुधा ती बाईमाणसाला येते आणि पदराआड चार-चार वर्षे झाकून राहते. दुखत नाही, खुपत नाही, मग कशाला दवाखाना, असा हिशेब.

पुढे गाठ वाढली की सल्ले सुरू होतात. कोणी बिब्बा घालायला सांगतो, कोणी हळद-चुन्याचा लेप, तर कोणी डाग द्यायला. कातडी भाजते, गाठ तशीच राहते. याच्या उलट, गाठ दिसताच घाबरून थेट सर्जनपुढे बसणारेही आहेत. "साहेब, एकदाची कापून टाका, कटकट नको." ऐकायला हे शहाणपणाचे वाटते, पण गाठ कशाची हे न पाहता कापणे म्हणजे रोग न ओळखता फवारणी करणे होय.

गळ्याची गाठ कापायची की नाही, कापायची तर अर्धी ग्रंथी काढायची की पूर्ण, याचा निवाडा बायोप्सी करते. ही तपासणी शस्त्रक्रियेआधी सुईने होते आणि गरज पडल्यास शस्त्रक्रिया चालू असतानाही होते. या दोन्ही तपासण्यांना काय कळते आणि काय कळत नाही, एवढे घरच्यांना ठाऊक असले तर पुष्कळ अनर्थ टळतात.

गाठ कशाची?

कंठमण्याच्या खाली, श्वासनलिकेला बिलगून फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. तिला अवटू ग्रंथी म्हणतात. दवाखान्यात सगळे तिला थायरॉईड म्हणतात. वजन जेमतेम पंधरा-वीस ग्रॅम. पण शरीराचे इंजिन किती वेगाने चालायचे, हे तिच्यातून रक्तात मिसळणारा रस ठरवतो. रस कमी झाला की माणूस सुस्तावतो, अंग जड होते. जास्त झाला की छाती धडधडते, वजन उतरते, हात थरथरतात.

गाठ थायरॉईडची आहे का, याचा अंदाज घरीही येतो. आरशासमोर उभे राहून पाण्याचा घोट घ्यावा. गिळताना गाठ वर सरकून पुन्हा खाली आली, तर ती बहुधा थायरॉईडची. मानेच्या बाजूला एकापेक्षा जास्त गाठी असतील, सोबत संध्याकाळचा बारीक ताप असेल, वजन घटत असेल, तर ती गंडमाळ, म्हणजे क्षयाची गाठ असू शकते. तिचाही निकाल बहुधा सुईच्या तपासणीनेच लागतो.

आता भीतीचा भाग. गळ्याला गाठ म्हणजे कॅन्सर, असे मुळीच नाही. आयोडीन पुरेसे मिळणाऱ्या भागातही हाताला लागेल एवढी थायरॉईडची गाठ शंभरात साधारण पाच बायकांना आणि एका पुरुषाला असते. अशा शंभर गाठींत कॅन्सरच्या निघतात सात ते पंधरा. उरलेल्या साध्या असतात. त्यात कॅन्सरचा जो प्रकार सर्वांत जास्त आढळतो, त्या पॅपिलरी कॅन्सरवर वेळेत उपचार झाले तर बहुतेक रोगी पुढे वर्षानुवर्षे चांगले जगतात. तेव्हा घाबरून पळू नये आणि झाकूनही ठेवू नये.

मिठाबद्दल एक गोष्ट सांगून ठेवतो. आयोडीन कमी पडले की ग्रंथी फुगते, त्याला गलगंड म्हणतात. म्हणून केंद्र सरकारने १९६२ साली गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू केला आणि १९९२ साली त्याला आयोडीन न्यूनता विकार नियंत्रण कार्यक्रम असे व्यापक रूप दिले. घरात पाकीटबंद आयोडीनयुक्त मीठच वापरावे. पण आयोडीनच्या मिठाने आलेली गाठ विरघळते, या भरवशावर कोणी बसू नये.

सुईच्या आधी दोन तपासण्या

डॉक्टर प्रथम हाताने गाठ चाचपतात आणि रक्तातील टीएसएच तपासायला सांगतात. टीएसएच फारच कमी आले, तर गाठ स्वतःच जादा रस तयार करीत असण्याचा संभव असतो. अशा गाठीत कॅन्सर क्वचितच असतो. तिला सुईऐवजी आधी थायरॉईड स्कॅन सांगतात.

दुसरी तपासणी गळ्याच्या सोनोग्राफीची. गाठ पाण्याने भरलेली आहे की भरीव, कडा गुळगुळीत आहेत की दातेरी, आत चुन्याचे बारीक कण आहेत का, शेजारच्या गाठी वाढल्या आहेत का, हे तीत दिसते. भरीव, काळसर, दातेरी कडांची, आडवीपेक्षा उभी जास्त वाढलेली गाठ संशयाची. अशी गाठ एक सेंटीमीटर किंवा त्याहून मोठी असली की सुई घालावी, असा सर्वसाधारण नियम आहे. नुसत्या पाण्याच्या गाठीला रोगनिदानासाठी सुईची गरज नसते. म्हणजे प्रत्येक गाठीला सुई लागतेच असे नाही, पण कापायचे ठरवण्याआधी सुईचा विचार झालाच पाहिजे.

सुई कशी घालतात?

या तपासणीचे नाव एफएनएसी. बारीक सुईने गाठीतल्या पेशी ओढून घ्यायच्या आणि दुर्बिणीखाली पाहायच्या, एवढाच त्याचा अर्थ. सुई नेहमीच्या इंजेक्शनच्या सुईइतकी, किंबहुना तिच्याहूनही बारीक असते. रोग्याला उताणे झोपवून मानेखाली उशी देतात. गाठ बोटांत धरून, नाही तर सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत बघत सुई आत घालतात आणि चार-दोन वेळा पुढेमागे करतात. त्या वेळी गिळायचे नाही, बोलायचे नाही. दोन-तीन वेळा वेगवेगळ्या जागी सुई घालावी लागते. माती परीक्षणाला आपण एकाच कोपऱ्यातली माती देत नाही, चार ठिकाणची घेतो, तसेच हे.

सुईत आलेला थेंब काचपट्टीवर पसरवतात, रंग देतात आणि पॅथॉलॉजिस्ट तो दुर्बिणीखाली पाहतात. भरती व्हावे लागत नाही, टाका पडत नाही. थोडा वेळ दाबून धरले की माणूस घरी जातो. फक्त रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, तर ते डॉक्टरांना आधीच सांगावे.

आपल्याकडे गाडी अडते ती नेमकी इथेच. ओपीडीत हा संवाद नेहमीचा:

"मावशी, सुई घालून बघू."

"नको साहेब. सुई लावली की गाठ चिघळती म्हणतेत. आमच्या गल्लीतल्या एकीचं तसंच झालं."

"त्यांना गाठ किती दिवसांची होती?"

"असंल की चार-पाच वर्साची."

उत्तर यातच आले. अशा बहुतेक गोष्टींत गाठ आधीपासूनच वाढत असते. सुई उशिरा लागते आणि दोष मात्र सुईवर येतो. बारीक सुईच्या वाटेने थायरॉईडचा कॅन्सर पसरल्याची उदाहरणे जगभरात अत्यंत विरळ आहेत. सुईनंतर एखादे वेळी थोडे रक्त साकळते, एक-दोन दिवस दुखते. न तपासता गाठ बाळगण्यात किंवा न तपासता ग्रंथी कापण्यात याहून कितीतरी जास्त धोका आहे.

रिपोर्टातले सहा वर्ग

रिपोर्ट हातात आला की लोक शेवटची ओळ शोधतात, 'हाय का न्हाई?' पण थायरॉईडच्या रिपोर्टात होय-नाही असे दोनच वर्ग नसतात, सहा असतात. अमेरिकेतील बेथेस्डा या गावी २००७ साली तज्ज्ञांची बैठक झाली, तिच्यातून ही पद्धत आली. म्हणून रिपोर्टावर 'बेथेस्डा' आणि पुढे एक ते सहा यांपैकी आकडा लिहिलेला असतो. २०२३ साली तिची सुधारित तिसरी आवृत्ती आली. कॅन्सर असण्याची शक्यता प्रत्येक वर्गात सरासरी किती, हेही तीत दिले आहे.

पहिला वर्ग: नमुना अपुरा. पेशी पुरेशा आल्या नाहीत किंवा नुसते रक्त आले. याचा अर्थ 'काही नाही' असा लोक घेतात, तो साफ चुकीचा. सुई पुन्हा घालावी लागते, शक्यतो सोनोग्राफीखाली.

दुसरा वर्ग: गाठ साधी. कॅन्सरची शक्यता शंभरात चार. गाठ फार मोठी नसेल, गिळायला-श्वासाला अडत नसेल, तर शस्त्रक्रिया नको. ठराविक मुदतीने सोनोग्राफी करून लक्ष ठेवायचे.

तिसरा वर्ग: पेशी थोड्या वेगळ्या, पण निश्चित सांगता येत नाही. शक्यता शंभरात बावीस. बहुधा सुई पुन्हा घालतात.

चौथा वर्ग: फॉलिक्युलर निओप्लाझम. शक्यता शंभरात तीस. हा सगळ्यांत अवघड वर्ग, त्याचे पुढे सांगतो.

पाचवा वर्ग: कॅन्सरचा दाट संशय. शंभरात चौऱ्याहत्तर.

सहावा वर्ग: कॅन्सर. शंभरात सत्त्याण्णव.

म्हणून रिपोर्ट घेताना वर्ग कोणता, हे विचारून घ्यावे आणि कागद जपून ठेवावा.

पोते फाटले की नाही, हे दाणे सांगत नाहीत

चौथा वर्ग समजून घ्यायचा तर मोंढ्यात चला. व्यापारी पोत्यात टोकदार पोकळ नळी खुपसतो आणि मूठभर दाणे बाहेर काढतो. त्या दाण्यांवरून माल ओला की सुका, हलका की भारी, हे तो बरोबर सांगतो. पण पोत्याची शिवण मागच्या बाजूला उसवली आहे का, दाणे बाहेर सांडले आहेत का, हे त्या मुठीतल्या दाण्यांवरून कसे कळणार? त्यासाठी पोते उलटेपालटे करूनच बघावे लागते.

फॉलिक्युलर गाठीचे असेच आहे. साधी फॉलिक्युलर गाठ आणि फॉलिक्युलर कॅन्सर यांच्या पेशी दुर्बिणीखाली जवळजवळ सारख्याच दिसतात. फरक असतो तो वेष्टनात. गाठीभोवतीचे वेष्टन फोडून पेशी बाहेर पडल्या असतील किंवा रक्तवाहिन्यांत शिरल्या असतील, तर कॅन्सर. वेष्टन शाबूत असेल तर साधी गाठ. सुई गाठीच्या पोटातल्या पेशी आणते, वेष्टन आणत नाही. म्हणून पॅथॉलॉजिस्ट प्रामाणिकपणे चौथा वर्ग लिहितात. त्याला कोणी 'डॉक्टरला कळंना' असे म्हणू नये.

अशा वेळी बहुधा गाठ असलेल्या बाजूची अर्धी ग्रंथी काढतात आणि पूर्ण वेष्टन तपासतात. इथे शस्त्रक्रिया हीच तपासणी असते. मोठ्या शहरांत गाठीच्या पेशींतील जनुकांची तपासणी करून आणखी अंदाज घेता येतो. ती महाग पडते आणि सगळीकडे मिळत नाही.

जाड सुई कधी?

काही वेळा जाड सुईची बायोप्सी सांगतात. जागा बधिर करून, सोनोग्राफीत बघत या सुईने बारीक शेवयीसारखा अखंड तुकडा काढतात. बारीक सुईने दोनदा नमुना अपुरा आला, किंवा लिम्फोमा अथवा झपाट्याने वाढणाऱ्या कॅन्सरचा संशय असला, तर तिचा उपयोग होतो. रक्त येण्याची शक्यता बारीक सुईपेक्षा थोडी जास्त, म्हणून ती सरसकट वापरत नाहीत. आणि वेष्टनाचा प्रश्न तिनेही पुरता सुटत नाही.

ऑपरेशन चालू असताना तपासणी

समजा सुईचा रिपोर्ट पाचव्या वर्गाचा आला. संशय दाट आहे, पण खात्री नाही. सर्जनने अर्धी ग्रंथी काढून थांबावे की पूर्ण काढावी? हा निर्णय टेबलावरच घेण्यासाठी एक सोय आहे, फ्रोजन सेक्शन.

काढलेला तुकडा ओलाच, फॉर्मॅलिनमध्ये न बुडवता, तातडीने प्रयोगशाळेत नेतात. तिथे क्रायोस्टॅट नावाच्या यंत्रात तो शून्याखाली वीस-पंचवीस अंशांवर गोठवतात. दगडासारखा कडक झाला की त्याचे केसाहूनही पातळ काप काढतात, रंग देतात आणि दुर्बिणीखाली पाहतात. वीस ते तीस मिनिटांत निरोप शस्त्रक्रियागृहात जातो. तोवर रोगी भुलेतच असतो.

ही युक्ती शंभर वर्षांहून जुनी आहे. अमेरिकेतील रॉचेस्टर येथील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. लुई विल्सन यांनी १९०५ साली ती नेहमीच्या वापरात आणली. रोगी टेबलावर असतानाच गाठ कशाची ते कळावे, अशी तिथल्या सर्जनांची मागणी होती. विल्सन यांनी कडाक्याच्या थंडीत तुकडा खिडकीबाहेर ठेवून गोठवला, असे सांगतात.

पण फ्रोजनलाही मर्यादा आहेत. केळे फ्रीजरमध्ये ठेवून बाहेर काढले तर ते लिबलिबीत होते, कारण आतल्या पाण्याचे बर्फ होऊन पेशी फुटतात. गोठवलेल्या तुकड्यातही असेच थोडेफार होते. पॅपिलरी कॅन्सर ज्या बारीक खुणांवरून ओळखायचा, त्या पुसट होतात. म्हणून अनुभवी पॅथॉलॉजिस्ट गोठवण्याआधी तुकडा काचपट्टीवर टेकवून त्याचा ठसाही घेतात आणि दोन्ही मिळून मत देतात.

दुसरी मर्यादा त्या पोत्याच्या शिवणीची. अर्ध्या तासात वेष्टनाचे दोन-चारच काप पाहता येतात. उसवलेली जागा नेमकी त्यांत येईल याची खात्री नाही. म्हणून चौथ्या वर्गाच्या गाठीत फ्रोजनचा फारसा उपयोग होत नाही आणि बरेच सर्जन ते करीतही नाहीत. 'फ्रोजन नाही केलं म्हणून फसवलं' असे अशा वेळी म्हणता येणार नाही. उलट सहाव्या वर्गात निदान आधीच झालेले असते, तिथेही गाठीसाठी फ्रोजनची गरज सहसा नसते. त्याचा खरा उपयोग आहे तो पाचव्या वर्गात, शेजारची लसिका गाठ संशयाची वाटली तर, आणि कधी काढलेला बारीक तुकडा पॅराथायरॉईडचा आहे की दुसरा, हे ठरवायला.

क्रायोस्टॅट आणि त्या वेळी हजर असणारा पॅथॉलॉजिस्ट सगळ्याच दवाखान्यांत नसतो. तेव्हा तारीख घेण्याआधीच विचारावे: "डॉक्टरसाहेब, आमच्या गाठीला फ्रोजनची गरज आहे का? असेल तर इथे सोय आहे का?"

शेवटचा शब्द कोणाचा?

फ्रोजनचा निरोप हा तात्पुरता कौल असतो. काढलेली सगळी ग्रंथी नंतर फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, मेणात बसवून ठोकळे करतात आणि सावकाश काप घेऊन तपासतात. याला काही दिवस, कधी आठवडा-दोन आठवडे लागतात. हा अंतिम रिपोर्ट घेतल्याशिवाय उपचार पुरा झाला असे समजू नये. 'टाके निघाले, आता काय राह्यलं' म्हणून पुष्कळ जण तो आणायलाच जात नाहीत. रिपोर्ट कॅन्सरचा असेल तर पुढचे उपचार अडतात आणि घरी कोणाला पत्ताही नसतो.

मेणाचे ठोकळे आणि काचपट्ट्या यांनाही किंमत आहे. पुढे मुंबईला किंवा दुसरीकडे मत घ्यायचे ठरले, तर त्याच मागितल्या जातात. गाठ काढून 'फेकून दिली' असे कुठे ऐकायला मिळाले, तर ते धोक्याचे. काढलेला प्रत्येक तुकडा तपासायला गेलाच पाहिजे.

या रिपोर्टावर ज्यांची सही असते, त्या डॉक्टरांना रोगी कधी पाहत नाही. १९४१ साली मुंबईत टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झाले तेव्हा तिथली प्रयोगशाळा उभी केली ती डॉ. वसंत रामजी खानोलकर या मराठी पॅथॉलॉजिस्टने. भारतातल्या कॅन्सर संशोधनाचा पाया त्यांनी घातला. सर्जनची सुरी कुठे थांबावी, हे आजही काचपट्टीवर डोळे लावून बसलेला माणूसच सांगतो.

अर्धी की पूर्ण: फरक जन्मभराचा

स्वित्झर्लंडचे सर्जन थिओडोर कोखर यांना थायरॉईडवरील कामासाठी १९०९ साली नोबेल मिळाले. याच कोखर यांनी १८८३ साली लिहून ठेवले, की पूर्ण ग्रंथी काढलेले त्यांचे रोगी पुढे सुजले, मंद झाले, लहान मुलांची तर वाढच खुंटली. त्या काळी उपाय नव्हता. आज थायरॉक्सिनची गोळी आहे. पण पूर्ण ग्रंथी काढली तर ती रोज सकाळी उपाशीपोटी, जन्मभर घ्यावी लागते. पैसे नाहीत, बाजाराला जाणे झाले नाही, म्हणून ती बंद करून चालत नाही. शिवाय ग्रंथीच्या मागे चिकटलेल्या पॅराथायरॉईड ग्रंथींना इजा झाली तर कॅल्शियम उतरते, हातापायाला मुंग्या येतात. आवाजाची नस दुखावली तर आवाज बसतो. अर्धी ग्रंथी राहिली तर बऱ्याच जणांचे गोळीशिवाय भागते आणि हे धोकेही कमी होतात.

उलट बाजूही तितकीच खरी. जिथे पूर्ण काढायची गरज होती तिथे अर्धीच काढली, तर काही महिन्यांत पुन्हा भूल, पुन्हा टेबल, पुन्हा खर्च. दुसऱ्या वेळी आत व्रण झालेले असतात, म्हणून काम अवघड होते. साध्या गाठीला पूर्ण ग्रंथी गमवायची नाही आणि कॅन्सरला अर्धवट सोडायचे नाही, ही दोन्ही टोके सांभाळायची तर आधीची सुईच कामाला येते.

कुठे जावे?

अर्धापूरच्या ग्रामीण रुग्णालयात प्रथम दाखवावे आणि चिठ्ठी घेऊन पुढे जावे. नांदेड वीसेक किलोमीटरवर. तिथे विष्णुपुरीला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, १९८८ सालचे. लातूरकडच्या लोकांना विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था जवळ पडते. सर्जरी किंवा कान-नाक-घसा विभागात केस पेपर काढावा.

खर्चाचे म्हणाल, तर राज्य सरकारची जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी पहिल्या टप्प्यात ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होते. २०१७ पासून तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. आपली शस्त्रक्रिया तीत बसते का, तपासण्यांचे पैसे कसे, हे भरती होण्याआधी योजनेच्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे. रेशन कार्ड आणि आधार सोबत न्यावे. बाग विकायची, सावकाराकडे जायची बोलणी त्यानंतरची.

सरपंच, ग्रामसेवक, आशाताई यांच्यासाठी

बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलात १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शीसोबत मराठवाड्यातले परंडा आणि भूम हे तालुकेही तीत होते. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव जायचे, गावातल्या जाणत्या माणसांना भेटायचे, लक्षणे समजावून सांगायचे आणि संशयित रोग्याला दवाखान्यापर्यंत आणायचे. पुढे दिसून आले, की गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत दवाखान्यात येऊ लागल्या. १९९५ साली हे निष्कर्ष प्रसिद्धही झाले. नुसत्या बोलण्याने, विचारपूस केल्याने एवढे घडते. गळ्याच्या गाठीलाही हेच लागू आहे.

मात्र उत्साहाच्या भरात गावात सरसकट गळ्याच्या सोनोग्राफीचे शिबिर लावू नये. दक्षिण कोरियात १९९९ नंतर निरोगी लोकांच्या गळ्याची सोनोग्राफी सर्रास होऊ लागली. २०११ पर्यंत थायरॉईड कॅन्सरचे निदान १९९३ च्या पंधरापट झाले, पण त्या कॅन्सरने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत. जन्मभर त्रास न देणाऱ्या बारीकसारीक गाठी सापडल्या आणि हजारो लोकांच्या ग्रंथी उगाच गेल्या. म्हणून शोध घ्यावा तो डोळ्यांना दिसणाऱ्या, हाताला लागणाऱ्या गाठीचा.

गाठ दोन-चार आठवड्यांत झपाट्याने वाढली, आवाज घोगरा झाला तो सुधारेना, भाकरीचा घास अडकू लागला, श्वास लागू लागला, मानेच्या बाजूला आणखी गाठी आल्या, किंवा घरात आधी कोणाला थायरॉईडचा कॅन्सर झाला आहे, तर मात्र सुगी आटोपायची वाट पाहू नये. हळदीचा सौदा, केळीचा घड, पोरीचे लग्न, सगळे बाजूला ठेवून त्याच आठवड्यात दवाखाना गाठावा.

इतरांनी या महिन्यात एवढेच करावे. घरातल्या बायामाणसांना पाण्याचा घोट घ्यायला सांगावे आणि गळ्याकडे नीट बघावे. गाठ वरखाली होताना दिसली तर दवाखान्यात न्यावे. डॉक्टरांनी सुई सांगितली तर नाही म्हणू नये, आणि सुई न घालताच कापायचे सांगितले तर 'आधी सुई का नको?' एवढे नम्रपणे विचारावे. चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही. सोनोग्राफी, सुई, फ्रोजन, अंतिम रिपोर्ट, असे सगळे कागद एका पिशवीत घालून सातबाऱ्याशेजारी ठेवावेत. ते लागतात तेव्हा सातबाऱ्याइतकेच लागतात.